एकशे चौदा गैरहजेऱ्या

झाम्बेता कूवारी ही मुलगी अकरा सप्टेंबर ते पंधरा जून या काळात शाळेकडे एकदाही फिरकली नाही आणि वर्गात पहिली आली.

हे घडलेलं नाही. मुख्याध्यापक सारांदिस यांनी तसं ठरवलं आहे, धक्क्यावरच्या कॉफीवाल्याने त्याला दुजोरा दिला आहे, आणि आर्मिरी बेटावर ज्या दोघांचं कशावरच एकमत होत नाही त्यांचं एकमत झालं म्हटल्यावर बाकीच्यांनी आपापल्या आठवणी आवरत्या घेतल्या. आपणही हे घडलं नाही असंच धरून चालू.

तर न घडलेली हकिकत अशी.

आर्मिरीच्या माध्यमिक शाळेत हजेरी घेत नाहीत, गैरहजेरी घेतात. त्यासाठी निळ्या पुठ्ठ्याचं एक लांबडं बुक असतं आणि ते वर्गात पहिल्या येणाऱ्या मुलाच्या ताब्यात असतं. दर तासिकेला जो नसेल त्याचं नाव लिहायचं आणि शिक्षकांची सही घ्यायची. माध्यमिकच्या दुसरीत हे बुक काल्लिरोईकडे होतं. काल्लिरोईने आजवर एकही खोटी नोंद केली नव्हती. एकदा नाकातून रक्त आलं म्हणून ती नळावर गेली, तर परत येऊन तिने आधी स्वतःला गैरहजर मांडलं आणि मग रक्त पुसलं. अशा मुलीला वर्गात कुणी फारसं जवळ करत नाही. तिलाही कुणी केलं नव्हतं. एक झाम्बेता सोडून.

वर्गात मुलं चार. काल्लिरोई, झाम्बेता, याकूमिस आणि याकूमिस. हे दोघे चुलतभाऊ. बेटावर थोरल्या नातवाला आजोबांचं नाव लागतं आणि थोरल्या नातीला आजीचं. त्यात कुणी डोकं चालवत नाही. याकूमिस आजोबांना तीन मुलगे, म्हणून याकूमिस नावाचे तीन नातू, आडनावही एकच. तिसरा सैन्यात होता, एवढीच सरकारची कृपा.

ऑगस्टच्या शेवटी झाम्बेताच्या बापाला, स्ट्राटिसला, श्टुटगार्टमध्ये फरशा बसवायचं काम मिळालं आणि आजी सोडून सगळं घर बोटीत चढलं. धक्क्यावर झाम्बेता म्हणाली, "ख्रिसमसपर्यंतच गं. माझी खिडकीची जागा कुणाला देऊ नकोस."

"कुणाला देणार? मागणारं आहेच कोण?" काल्लिरोई म्हणाली.

"तरी देऊ नकोस."

बोटीचा मागचा दरवाजा वर उचलला गेला, आणि त्याच्या फटीतून झाम्बेताचा हात तेवढा शेवटपर्यंत दिसत राहिला. तो हात तिचाच होता की शेजारच्या सैनिकाचा, हे काल्लिरोईला नंतर कधीच खात्रीने सांगता आलं नाही. पण तिने तो तिचाच धरला. आयुष्यात खात्री नसताना तिने मांडलेली ती पहिली नोंद.

स्ट्राटिसने जाताना शाळेतून बदलीचा कागद नेला नाही. कागद नेला म्हणजे आपण बेट सोडलं, असं त्याचं म्हणणं. आणि त्याने बेट सोडलेलं नव्हतं, तो फक्त श्टुटगार्टला राहत होता. त्यामुळे झाम्बेताचं नाव पटावर राहिलं. रोज सात तासिका, रोज सात गैरहजेऱ्या.

पहिल्या आठवड्यातच सारांदिस सरांनी काल्लिरोईला बोलावलं. ते मुख्याध्यापक, शिवाय गणित आणि खेळ शिकवायचे, आणि बोट येणार की नाही हे खिडकीतून पाहून सांगायचे.

"एकशे चौदा," सर म्हणाले. "त्याच्यावर एक जरी तासिका गेली, की वर्ष फुकट. मुलगी पुन्हा दुसरीत."

"पण ती ख्रिसमसला येणारे, सर."

"येऊ दे की. दुसरीत बसेल."

"आणि मी?"

"तू तिसरीत जाशील. तुला कोण अडवतंय?"

काल्लिरोईने त्या रात्रीचं जेवण सोडलं नाही, पण चव लागली नाही. झाम्बेता परत येईल आणि भिंतीच्या पलीकडच्या वर्गात बसेल. मग पुढची चार वर्षं मधल्या सुट्टीतच काय ती भेट. आणि हे सगळं काल्लिरोईच्याच अक्षरात लिहिलेलं असेल. रोज सात वेळा.

वीस सप्टेंबरच्या बोटीने मेल्पोमेनीबाई उतरल्या. लारिसाहून आलेल्या, बदली शिक्षिका. या शिक्षिका सप्टेंबरमध्ये येतात, जूनमध्ये जातात आणि पुढल्या वर्षी सरकार त्यांना आणखी कुठल्या बेटावर टाकतं. त्यामुळे त्या सामान कमी आणि उत्साह फार आणतात. मेल्पोमेनीबाईंनी एक बॅग आणि एक प्रोजेक्टर आणला होता. बॅग लहान होती.

"आपण वर्गाचा ब्लॉग काढायचा," बाईंनी पहिल्याच तासाला सांगितलं. "रोजचा धडा मी तिथे टाकणार. खाली तुम्ही लिहायचं. प्रश्न, उत्तरं, भांडणं, सगळं."

"भांडणं इथेच केली तर नाही का चालणार, बाई?" उंच याकूमिस म्हणाला.

"लिहून भांडल्याने विचार करावा लागतो."

"मग मजा काय राहिली?" दुसरा याकूमिस म्हणाला.

ब्लॉगचं नाव ठरवण्यात दोन तासिका गेल्या. शेवटी 'आम्ही चौघं' ठरलं. वर्गात तिघंच होती, पण काल्लिरोई हटेना. मग खाती उघडायची वेळ आली. उंच याकूमिसने नाव घातलं. दुसऱ्या याकूमिसने तेच नाव घातलं, तर संगणकाने 'ही व्यक्ती आधीच अस्तित्वात आहे' असं कळवलं. दुसऱ्या याकूमिसने ती ओळ मोठ्याने वाचली. पुढे दोघांनी एकच खातं वापरलं. त्यामुळे याकूमिसला इतिहास अतिशय आवडतो आणि याकूमिसला इतिहासाने ओकारी येते, ही दोन्ही मतं चार मिनिटांच्या अंतराने आजही तिथे वाचायला मिळतात.

चौथं खातं काल्लिरोईने झाम्बेताच्या नावे उघडलं आणि परवलीचा शब्द तिला कळवला. दुसऱ्या दिवशी तिसऱ्या तासिकेला, धड्याखाली अक्षरं उमटली: 'बाई, बायझंटाईन सम्राटाचं नाव चुकलंय. आणि काल्लिरोई, तुझी वेणी आज कुठल्या बाजूला आहे?'

काल्लिरोईने वेणीला हात लावला. डाव्या बाजूला होती.

झाम्बेताच्या तिथल्या शाळेत फोन बंद ठेवावा लागे, म्हणून ती संडासात जाऊन इथल्या शाळेत हजर राहत असे. तिथलं घड्याळ एक तास मागे. काल्लिरोईने दहा वाजता लिहिलेलं झाम्बेता नऊ वाजता वाचायची. घाई केली तर तो एक तास भरून निघेल, असं काल्लिरोईला उगाच वाटायचं आणि ती भराभर लिहायची.

मग तिने बुक उघडून बाईंपुढे धरलं. "बाई, तिसऱ्या तासिकेला झाम्बेता गैरहजर नव्हती. तिने तुमची चूक काढली."

मेल्पोमेनीबाईंना ते पटलं. त्यांनी सारांदिस सरांना पटवायचा प्रयत्न केला.

"चूक काढायला देह लागत नाही," सर म्हणाले. "हजर राहायला लागतो. पटावरचं नाव आणि बाकावरचा देह. बाकी तुमच्या त्या तारेतून काहीही येऊ दे."

"सर, मुलगी शिकतेय!"

"शिकू दे ना, बाई. शिकायला मी कधी बंदी केली? हजर राहायचं म्हणतोय मी."

सोळा दिवस झाले. एकशे बारा. सतराव्या दिवशी तिसऱ्या तासिकेला विषय संपणार होता.

त्या दिवशी उत्तरेचा वारा नव्हता, त्यामुळे टेकडीवरची अँटेना जागेवर होती आणि इंटरनेट होतं. दोन तासिका गेल्या, दोन नोंदी झाल्या. एकशे चौदा. काल्लिरोईने पेनाचं टोपण लावलं, काढलं, पुन्हा लावलं. इतक्यात दार उघडून झाम्बेताची आजी आत आली. काळी ओढणी, काखेत तीळ लावलेल्या पावाच्या कड्यांची पिशवी.

"आमची पोरगी शाळेत दिसते म्हणे," आजी म्हणाली. "मला कुणी बोललं नाही. कॉफीवाल्याकडून कळायचं का मला? कुठाय?"

"आजी, ती संगणकावर लिहिते," काल्लिरोई म्हणाली. "दिसत नाही."

"लिहिते तर लिहिते. काय लिहिते ते वाचीन. मी चौथीपर्यंत शिकलेय, मेलेली नाहीये."

बाईंनी तिला खिडकीच्या रिकाम्या बाकावर बसवलं आणि पुढ्यात लॅपटॉप ठेवला. आजीने एका बोटाने आणि दोन्ही ओठांनी नातीचं एकेक वाक्य वाचायला घेतलं. घंटा झाली. तिसरी तासिका. नावं घ्यायची.

"याकूमिस."

"आहे."

"याकूमिस."

"आहे."

काल्लिरोईने विहिरीत हाक मारावी तशी पुढची हाक मारली. "झाम्बेता कूवारी."

"काय गं?" आजी वर न बघता म्हणाली. "इथंच तर बसलेय."

मग दुसरा याकूमिस हळूच म्हणाला, "ही व्यक्ती आधीच अस्तित्वात आहे."

सारांदिस सरांना बोलावलं गेलं. त्यांनी चष्मा लावून निळं बुक पाहिलं. नाव झाम्बेता. आजीचं नाव झाम्बेता. आडनाव कूवारी. आजी लग्नानंतर कूवारी, नात जन्मतःच कूवारी. वडिलांचं नाव स्ट्राटिस. आजीच्या वडिलांचं नावही स्ट्राटिस; धाकट्या मुलाला तिने रीतीप्रमाणे आपल्या बापाचं नाव ठेवलं होतं. जन्मतारखेचा रकाना गैरहजेरीच्या बुकात नसतो. त्याची आजवर कुणाला गरजच पडली नव्हती.

"नाव आणि देह म्हणाला होतात, सर," काल्लिरोई म्हणाली.

सरांनी आजीच्या देहाकडे पाहिलं. "आजी, तुम्ही इथे किती वेळ बसणार?"

"पोरीचं सगळं वाचून होईस्तोवर."

"आणि ती रोज लिहीत राहिली तर?"

"तर रोज येईन. घरी कोण आहे माझं? कोंबड्या."

सर खिडकीपाशी गेले आणि बोट येणार आहे, असं त्यांनी जाहीर केलं. काल्लिरोईने त्या तासिकेला कुणाचंच नाव लिहिलं नाही. बुकाचा तो रकाना कोरा राहिला, आणि तो कोरेपणा तिला इतका सुंदर वाटला की तिने त्यावर तळहात ठेवला.

त्यानंतर आजी खरोखरच रोज आली. सकाळच्या प्रार्थनेला रांगेत उभी राहायची, आणि प्रार्थना म्हणणाऱ्या उंच याकूमिसच्या चुका तिथल्या तिथे दुरुस्त करायची. आजी आणि नात एकाच खात्यावरून लिहीत. आजीला पत्राची सवय. ती आधी गाव आणि वार घालायची. 'आर्मिरी, मंगळवार. बाई, या चित्रातलं जहाज उलटं बांधलंय.' 'आर्मिरी, शुक्रवार. कोंबडी आजारी आहे. सर्वांना नमस्कार.' त्याखाली झाम्बेताचं, गाव नाही, वार नाही: 'आज बर्फ पडला. सगळे बाहेर पळाले. मी पण.'

मेल्पोमेनीबाई ऑनलाईन चाचण्या घेत. नात श्टुटगार्टहून गणित आणि जर्मन सोडवायची, आजी इथून धर्मशिक्षण आणि गृहशास्त्र. गृहशास्त्रात तिला पैकीच्या पैकी. डाळिंबाचा डाग कसा काढायचा यावर तिने दिलेलं उत्तर बाईंनी स्वतः वापरून पाहिलं. व्यायामात सरांनी तिला 'चालते' असा शेरा दिला. ती चालत होती, हे खरंच होतं. दोघी मिळून एक अत्यंत हुशार विद्यार्थिनी तयार झाली.

ख्रिसमसला झाम्बेता आली नाही. बापाचं काम वाढलं होतं. ईस्टरला येते म्हणाली. मग ईस्टरला जो तो बेटावर परतला, कसाई परतला, सैन्यातला याकूमिस परतला, आणि झाम्बेताने बर्फावरून घसरतानाचा एक फोटो ब्लॉगवर टाकला. सोबत तीन मुली होत्या, तिघींची नावं काल्लिरोईला उच्चारता येईनात. तिने ती तरीही पाठ केली.

लिहिणंही आक्रसत गेलं. आधी परिच्छेद असायचे, मग ओळी. मग 'हो'. मग नुसतं पिवळं हसरं तोंड. काल्लिरोई त्या तोंडाखाली परिच्छेद लिहायची: धक्क्यावरचा नवा दिवा, कॉफीवाल्याचं भांडण, खिडकीतून आज किती बोटी दिसल्या. उत्तरादाखल दोन दिवसांनी अंगठा यायचा. अंगठा कुठल्या वेळी आला हे ती वहीत टिपून ठेवायची, एक तास वजा करून.

मे महिन्यात एका गुरुवारी, भूगोलाच्या तासिकेला, अचानक हे आलं:

'श्टुटगार्ट, गुरुवार. प्रिय काल्लिरोई, मी खुशाल आहे. तुझी फार आठवण येते. इथल्या मुली बऱ्या आहेत, पण तुझ्यासारखी एकही नाही. खिडकीची जागा सांभाळ, मी येणार आहे. जेवत जा, फार वाळली आहेस. सर्वांना नमस्कार. तुझी झाम्बेता.'

काल्लिरोईने ते चार वेळा वाचलं. पहिल्या वेळी तिला फक्त आपलं नाव दिसलं. दुसऱ्या वेळी डोळे भरून आले. तिसऱ्या वेळी तिला गाव आणि वार दिसला. चौथ्या वेळी 'वाळली आहेस' दिसलं.

शेजारी आजी हाताची घडी घालून समुद्राकडे बघत होती. जरा जास्तच बघत होती.

"आजी," काल्लिरोई म्हणाली, "श्टुटगार्टला आज पाऊस आहे का हो?"

"मला काय ठाऊक? मी इथली."

बोट लांबून वळसा घेत होती. काल्लिरोईने लॅपटॉप ओढून घेतला आणि एका हाताच्या अंतरावर बसलेल्या आजीला उत्तर लिहिलं: 'आर्मिरी, गुरुवार. प्रिय झाम्बेता, मी जेवते. तू लवकर ये.'

आजीने ते बोट फिरवत वाचलं आणि नाक ओढलं. "चांगली आहे हो मैत्रीण," ती म्हणाली. "पोरीने नशीब काढलं."

"जेवायला काय केलंय आज?"

"पालकाची पोळी. ये."

काल्लिरोई गेली आणि दोन खाल्ल्या.

जूनमध्ये निकाल लागला. सारांदिस सरांनी अंगणात, ध्वजाखाली, यादी वाचायला घेतली आणि पहिल्याच नावावर थांबले. झाम्बेता कूवारी, वीसपैकी एकोणीस पूर्णांक चार. काल्लिरोई, एकोणीस पूर्णांक एक.

"आता रीतीप्रमाणे," उंच याकूमिस म्हणाला, "पुढल्या वर्षी गैरहजेरीचं बुक झाम्बेताकडे."

"म्हणजे जी येतच नाही तिने कोण आलं नाही ते लिहायचं?" दुसरा याकूमिस म्हणाला.

"ती इमाने करेल," काल्लिरोई म्हणाली.

आजीने छातीवर क्रूस काढला, दृष्ट लागू नये म्हणून स्वतःवरच तीनदा थुंकल्यासारखं केलं, आणि बुक ठेवायला घरी कपाट आहे का याचा विचार करू लागली.

पण त्याच दिवशीच्या बोटीने श्टुटगार्टचं पाकीट आलं. बदलीच्या कागदाची मागणी, खाली स्ट्राटिसची सही. मुलीला तिथल्या शाळेत कायमचं घेतलं होतं. झाम्बेताने काल्लिरोईसाठी वेगळी चिठ्ठी घातली होती, गाव नाही, वार नाही: 'रागावू नकोस. इथे मला पोहायच्या संघात घेतलंय. तू ये ना कधी.'

काल्लिरोई रागावली नाही. रागवायला माणूस समोर लागतं.

सरांनी कार्यालयाचं दार लावून घेतलं, पट काढला आणि पट्टी ठेवून एक सरळ लाल रेघ मारली. मग दार उघडून सांगितलं, "हे काही घडलेलं नाही. काल्लिरोई पहिली. यादी नव्याने."

"म्हणजे माझंही नाव गेलं?" आजीने विचारलं.

"हो, आजी."

"पण मी तर कुठेच गेले नाही."

सर खिडकीपाशी गेले. बोट निघून गेली होती. तिच्यात प्रोजेक्टर आणि मेल्पोमेनीबाई होत्या.

काल्लिरोईला पुढल्या वर्षासाठीचं नवं बुक मिळालं. आत तीन नावं छापलेली: तिचं, याकूमिस आणि याकूमिस. तिने पानं उलटून पाहिली. वर्षभर ती झाम्बेताच्या नावापुढे गैरहजेरी पडू नये म्हणून झटली होती. आता लिहायचं म्हटलं तरी लिहिता येणार नव्हतं. जो पटावर नाही तो गैरहजरही नसतो. त्याचं काहीच नसतं.

तिने शाळेच्या कपाटातला अर्जाचा छापील कागद काढला, खिडकीच्या बाकावर बसली आणि चांगल्या अक्षरात भरला.

'आर्मिरी, सोमवार.

प्रति, माध्यमिक शिक्षण संचालनालय. मुख्याध्यापकांमार्फत.

विषय: गैरहजर राहू देण्याबाबत.

महोदय,

मी खाली सही करणारी, तिसऱ्या इयत्तेची गैरहजेरी-लेखिका, विनंती करते की माजी विद्यार्थिनी झाम्बेता कूवारी हिचं नाव पटावर पुन्हा घ्यावं. ती येणार नाही, याची मला कल्पना आहे. अकरा सप्टेंबरपासून रोज सातही तासिकांना तिला गैरहजर मांडण्याची परवानगी मला मिळावी, आणि तिच्या बाबतीत एकशे चौदाची मर्यादा लागू करू नये. मर्यादा आवश्यकच असेल, तर ती कुठवर ठेवायची हे माझ्यावर सोडावं.

त्याच नावाची दुसरी विद्यार्थिनी हजर असल्यास तिला त्याच बाकावर बसू द्यावं. तिची तक्रार नाही.

तसंच श्टुटगार्टचं घड्याळ शक्य असल्यास एक तास पुढे करावं.

सोबत: खिडकीजवळचा बाक, एक. तो जागेवरच आहे, येऊन पाहावा.

आपल्या पुढील कार्यवाहीच्या प्रतीक्षेत,

अर्जदार
काल्लिरोई
(हजर)'